लॉटरी लागली, पुढे काय?

अनपेक्षितपणे काही मनासारखं घडलं की आपण म्हणतो, 'लॉटरीच लागली!' पण ज्यांना ती खरोखर लागते, ते सुखी होतात का? अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्याच्या लॉटरीतल्या २२ विजेत्यांना हे विचारलं. १९७८ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजही व्याख्यानांत हमखास येतो, तोही अनेकदा चुकीचा: 'लॉटरी लागलेला आणि अपघातात अपंग झालेला, शेवटी दोघे सारखेच सुखी.'

आकडे तसं म्हणत नाहीत. आपल्या सुखाला विजेत्यांनी पाचपैकी सरासरी ४ गुण दिले, त्याच भागातल्या इतर रहिवाशांनी ३.८२, तर अपघातात हातपाय लुळे पडलेल्यांनी २.९६. म्हणजे अपघाताचं दुःख उरलंच होतं. विजेते आणि बाकीचे रहिवासी यांच्यात मात्र उन्नीस-बीसच फरक.

खरी मेख पुढच्या प्रश्नात होती. मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, टीव्ही, मासिक, एखादा विनोद, कुणी केलेलं कौतुक यांत किती मजा येते? इथे विजेते इतरांच्या मागे पडले. ब्रिकमन यांच्या मते, एवढं मोठं घबाड मिळाल्यावर साध्या गोष्टी फिक्या वाटू लागतात आणि हळूहळू नवी श्रीमंतीही अंगवळणी पडते.

अर्थात २२ जणांवरून सगळ्या जगाचं अनुमान काढता येत नाही. स्वीडनमधल्या तीन हजारांहून अधिक विजेत्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. मोठं बक्षीस मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान वाढलं होतं आणि दहा वर्षांनंतरही ते टिकून होतं. 'किती आनंदी आहात?' या प्रश्नावर आणि मानसिक स्वास्थ्यावर मात्र पैशाचा परिणाम बराच कमी दिसला.

वरवर हे कोडं वाटतं, पण प्रश्नच दोन आहेत. समाधानाचं विचारलं की माणूस हिशेब मांडतो: घर झालं का, कर्ज किती उरलं, म्हातारपणाची सोय काय. हे पैशाने सुटतं, आणि पैसा म्हणजे सर्वस्व नव्हे असं म्हणणाऱ्यालाही हप्ता चुकत नाही. आनंद मात्र बराचसा दिवस कुणाबरोबर आणि कसा जातो यावर ठरतो. तेव्हा पगारवाढीकडून कर्ज लवकर फिटण्याची अपेक्षा जरूर ठेवावी. रविवारची मिसळ त्यामुळे जास्त चविष्ट लागेल, ही ठेवू नये.