रायफल अंगाला बसली पाहिजे

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात ब्राँझपदक मिळवलं आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचं नाव घरोघरी पोचलं. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं होतं, तर २०२२ मध्ये ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं कैरोला एअर रायफलमध्ये. असं पदक आलं की पुढचे काही महिने नेमबाजीच्या वर्गात नव्या मुलांची रीघ लागते. मी अशाच एका वर्गात मुलांना एअर रायफल शिकवतो. सोबत आलेल्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'सर, रायफल कोणती घ्यायची?'

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे घरातली बचत असते. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी एअर रायफल काही लाखांच्या घरात जाते. जमीन विकून, दागिने गहाण ठेवून रायफल घेतल्याच्या गोष्टी आपण वाचतो, कारण त्या मुलांना पुढे पदकं मिळाली. तेवढेच पैसे घालून घेतलेली रायफल वर्षभरात कपाटावर जाऊन पडते, तेव्हा तिची बातमी होत नाही. म्हणून आज सांगायचं आहे ते हे, की कोणती रायफल घ्यायची यापेक्षा ती नेमबाजाच्या अंगाला कशी बसवायची, हा प्रश्न मोठा आहे. शिंप्यानं माप न घेता शिवलेला कोट कितीही भारी कापडाचा असला, तरी तो अंगात नीट येत नाही. रायफलचं तसंच आहे.

आधी हा खेळ किती बारीक आहे ते पाहू. एअर रायफलचं लक्ष्य दहा मीटरवर असतं. त्यातला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतो. आपला छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणून त्याची कड जरी ठिपक्याला लागली तरी दहा गुण मिळतात. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर मात्र गुण दशांशात मोजले जातात. अगदी मधोमध लागला तर १०.९. मधापासून छर्रा अडीच मिलिमीटर सरकला की एक गुण जातो, पाव मिलिमीटर सरकला की गुणाचा दहावा भाग जातो. मीटरभर लांबीच्या रायफलचं तोंड पाव मिलिमीटर हललं, तर दहा मीटरवर छर्रा अडीच मिलिमीटर सरकलेला असतो. पॅरिसमध्ये अर्जुन बबुटा पात्रता फेरीत साठ शॉट्समध्ये ६३०.१ गुण मिळवून अंतिम फेरीत गेला. सरासरी काढली तर दर शॉटला साडेदहा गुण पडतात. इतका वेळ उभं राहून इतकं स्थिर राहणं स्नायूंच्या जोरावर जमत नाही. स्नायू थकतो आणि थरथरतो. हाड थकत नाही. म्हणून रायफलचं वजन हाडांवरून जमिनीत उतरवायचं, हे या खेळाचं मर्म आहे. सगळी जुळवाजुळव त्यासाठीच असते.

उभ्या पोझिशनमध्ये उजव्या हाताच्या नेमबाजाचा डावा खांदा लक्ष्याकडे असतो. डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगड्यांवर टेकतं आणि त्या हातावर रायफल विसावते. मी नव्या मुलाला आधी रायफलशिवाय असं उभं करतो. डोकं सरळ, मान सैल, पाय साधारण खांद्यांएवढे फाकलेले. मग रायफल त्या उभं राहण्याकडे आणायची. मूल रायफलकडे वाकायला लागलं, मान तिरकी करून डोळा साइटपाशी नेऊ लागलं, की समजायचं, रायफल बसलेली नाही.

बसवायची म्हणजे काय करायचं? स्पर्धेच्या रायफलला जागोजागी स्क्रू असतात ते याचसाठी. खांद्याला टेकणारी मागची पट्टी म्हणजे बट प्लेट. ती मागेपुढे, वरखाली होते. ती लांब ठेवली तर ट्रिगरवरचं बोट ताणलं जातं आणि शरीर मागे झुकतं, आखूड ठेवली तर नाक साइटवर येतं. गाल टेकतो तो चीकपीस. त्यावर डोकं नुसतं ठेवल्यावर डोळा आपोआप साइटच्या रेषेत आला पाहिजे. गाल दाबावा लागत असेल तर चीकपीसची उंची चुकली आहे. उंच मानेच्या मुलांसाठी साइटखाली छोटे ठोकळे लावून ती वर उचलता येते, म्हणजे मान झुकवावी लागत नाही. हा क्रम महत्त्वाचा. आधी शरीर, मग बट प्लेट, मग साइटची उंची, मग चीकपीस आणि सर्वांत शेवटी ट्रिगर. एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा, पन्नासेक शॉट मारून पाहायचे आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहायचा. वहीत नोंद नसेल, तर कशानं बरं झालं आणि कशानं बिघडलं हे आठवड्याभरानं कुणालाच सांगता येत नाही.

सगळं बसलं की नाही याची एक सोपी परीक्षा आहे. रायफल उचलून लक्ष्यावर आणायची, डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास घेऊन अंग सैल सोडायचं आणि डोळे उघडायचे. रायफल लक्ष्यावरच असेल तर ठीक. डावीकडे गेली असेल तर तिला हातानं उजवीकडे ढकलायचं नाही, पाऊल किंचित सरकवायचं. हातानं ढकललेली रायफल ट्रिगर दाबायच्या क्षणी पुन्हा आपल्या जागी परतायला बघते, आणि तिथेच नऊ लागतो.

दोन वर्षांपूर्वी एक आई आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. हप्त्यांवर घेतलेली जुनी, पण नामांकित कंपनीची रायफल त्यांच्याजवळ होती. मुलगी जिद्दीची होती, पण सरावानंतर मान आणि कंबर दुखायची. आई विचारत होत्या, 'ही विकून नवी घेऊ का?' आम्ही रायफल मोजली. ती एखाद्या उंच तरुणाच्या मापाला लावलेली होती. बट प्लेटच्या मागच्या चकत्या काढल्या, साइट वर उचलली, चीकपीस बदलत्या उंचीचा होता तो जुळवला. एका दुपारचं काम. मान दुखायची थांबली, विखुरलेले छर्रे हळूहळू एकमेकांजवळ यायला लागले. नवी रायफल घ्यावी लागली नाही. या वयात मुलांची उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरही वाढते, त्यामुळे दर तीन-चार महिन्यांनी हे माप पुन्हा घ्यावं लागतं. पाठीला एका बाजूला बाक देऊन उभं राहायचा हा खेळ आहे. चुकीच्या मापाची रायफल वाढत्या वयातल्या कण्यावर रोज तासन्‌तास भार टाकते. गुण गेले तर पुढच्या स्पर्धेत परत येतात, पाठीचं तसं नाही. म्हणून मुलांना मी दोन शॉट्सच्या मध्ये रायफल स्टँडवर टेकवायला लावतो आणि पोटा-पाठीचे व्यायाम चुकवू देत नाही.

आता साइट. मागच्या साइटला छोटं भोक असतं, म्हणून तिला पीप साइट म्हणतात. पुढच्या साइटमध्ये एक गोल कडं असतं. त्या कड्यात लक्ष्याचा काळा गोल मधोमध दिसला पाहिजे, भोवती सारखी पांढरी कड राहिली पाहिजे. लहान कडं घेतलं की नेम अचूक होईल, असं नव्या मुलांना वाटतं. प्रत्यक्षात पांढरी कड फार बारीक झाली की डोळ्याला ती सारखी आहे की नाही हेच कळत नाही, मूल ताटकळतं आणि शॉट बिघडतो. सुरुवातीला कडं मोठंच बरं. साइटवर आंधळा विश्वासही ठेवू नये. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीच्या तोंडावर आपल्या रायफलची साइट हलली आहे, हे अभिनव बिंद्राच्या सरावाच्या शॉट्समध्ये लक्षात आलं. आपल्या आत्मचरित्रात त्यानं ते सांगितलं आहे. हातातल्या मोजक्या वेळात त्यानं साइट पुन्हा जुळवली आणि शेवटचा शॉट १०.८ मारून सुवर्णपदक घेतलं. आपली रायफल त्याला स्क्रूस्क्रूनं माहीत होती, म्हणून हे जमलं.

ट्रिगरबद्दल एकच सांगतो. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमची अट आहे, रायफलला तशी अट नाही. म्हणून काहीजण तो अगदी हलका करून ठेवतात. नव्या मुलाचं बोट नुसतं टेकलं तरी शॉट सुटतो आणि मग त्याला ट्रिगरचीच भीती बसते. थोडा जड ट्रिगर चांगला शिक्षक असतो.

पैसे कुठे आणि कधी घालायचे, हा पालकांच्या काळजीचा विषय. पहिले सहा महिने क्लबची रायफल वापरावी. त्या काळात पाहायचं ते मुलाचा रस टिकतो का आणि त्याचा कोणता डोळा प्रबळ आहे. दोन्ही हातांची त्रिकोणी खिडकी करून दूरची वस्तू पाहायची आणि आळीपाळीनं डोळे मिटायचे. ज्या डोळ्याला वस्तू खिडकीतच दिसते तो प्रबळ. मूल उजव्या हाताचं आणि डोळा डावा प्रबळ असेल, तर कोणत्या खांद्यावर शिकवायचं हे रायफल विकत घेण्याआधी ठरलं पाहिजे, कारण दस्ता उजव्या-डाव्या हाताप्रमाणे वेगळा येतो.

पहिला खर्च जॅकेट, पँट, बूट आणि हातमोजा यांवर करावा. रायफल दोघांत वाटून वापरता येते, जॅकेट नाही. जाड कॅनव्हास आणि चामड्याचं हे जॅकेट कण्याला आधार देतं, पण त्याला नियमांची मर्यादा आहे. कापडाचा एक पदर अडीच मिलिमीटरहून जाड चालत नाही, बुटाचा तळ दहा मिलिमीटरहून जाड चालत नाही. स्पर्धेत उपकरणानं हे मोजतात. जॅकेट फार कडक झालं तरी बाद होतं. 'पुढं वाढेल' म्हणून दोन माप मोठं घेतलेलं जॅकेट आधार देत नाही, नुसतं उकडतं. वाढत्या मुलांसाठी मोठ्या मुलांची वापरलेली जॅकेटं घ्यावीत. पावसाळ्यात ती खुंटीवर मोकळी टांगावी, पिशवीत कोंबली तर बुरशी येते.

मग रायफल. आजच्या स्पर्धेच्या रायफली दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालतात, त्यामुळे जुन्या स्प्रिंगच्या रायफलसारखा धक्का बसत नाही. फाईनवर्कबाउ, वाल्थर, आन्शुट्झ, स्टायर या सगळ्यांच्या रायफली नेमबाजाला पुरून उरतील इतक्या अचूक असतात. निवड नावावरून करू नका. मुलाच्या उंचीला बट प्लेट पुरेशी आखूड होते का, वजन पेलतं का, ते पाहा. नियमानं साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं, पण मुलाला हलकी रायफल हवी. जुनी घेत असाल तर सिलिंडरवर कोरलेली मुदत आधी वाचा. ती सहसा दहा वर्षांची असते. मुदत संपलेला सिलिंडर धोक्याचा. स्पर्धेत त्याची जबाबदारी नेमबाजावर असते. साडेचार मिलिमीटरच्या या रायफलला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. ५० मीटरच्या पॉइंट टू-टू रायफलला लागतो, पण ती पुढची पायरी.

छर्ऱ्यांचा मोह शेवटी. ४.४९, ४.५० असे शतांश मिलिमीटरच्या फरकाचे छर्रे मिळतात आणि वरच्या पातळीवर रायफल शिकंज्यात घट्ट धरून कोणता छर्रा तिला मानवतो ते तपासतात. ज्याचे शॉट अजून दोन सेंटिमीटरच्या वर्तुळात विखुरतात, त्याला त्या शतांशाचा काय उपयोग? त्यानं एकाच जातीचे साधे, चांगले छर्रे वापरावेत. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर डबा उघडण्याआधी हात साबणानं धुवायचे, हे मात्र पहिल्या दिवसापासून. आणि नळीत घालायची ती भगवी दोरी, सेफ्टी फ्लॅग. सगळ्या सामानात स्वस्त तीच, पण ती विसरणाऱ्याला मी रायफल उचलू देत नाही.

पालकांनो, पुढच्या वेळी वर्गात आलात, की रायफलच्या किमतीबरोबर आणखी एक गोष्ट विचारा. माझ्या मुलाचं माप शेवटचं कधी घेतलं आणि ते कोणत्या वहीत लिहिलं आहे? वही दाखवता आली, तर तुमचे पैसे आणि मुलाची पाठ दोन्ही जपणाऱ्या जागी तुम्ही आला आहात.