उतारवयातील सायकल

वय झाले की घरची मंडळी आजोबांना प्रथम सायकल बंद करावयास सांगतात. त्यांची काळजी रास्त असते. परंतु सायकलीबरोबर बाजार, वाचनालय आणि स्नेह्यांच्या भेटीही सुटतात. यास्तव धोका नेमका कोठे आहे, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

दुचाकीवरील स्वार हँडल किंचित वळवून सतत तोल सावरीत असतो. वेग मंदावला की हे काम कठीण होते. म्हणून गुडघे आखडलेल्या माणसास अधिक जपावे लागते ते चढताना, उतरताना व थांबताना.

तोल शाबूत असून पाय उंच उचलत नसेल, तर आडवी नळी नसलेली सायकल घ्यावी. बसल्या जागी पायांची बोटे जमिनीस टेकतील इतकी बैठक खाली असावी. त्याहून खाली घेतल्यास गुडघ्यांवर ताण येतो. तोल जात असेल तर तीनचाकी बरी. ती थांबली तरी उभी राहते. मात्र वळणावर ती दुचाकीसारखी आत झुकत नाही आणि वेगात वळविल्यास कलंडते. तेव्हा वेग वळणापूर्वीच कमी करावा. पायांत बळ कमी असल्यास विजेच्या मोटारीचे साहाय्य घेता येते.

ज्यांना पायडल मारणेच अशक्य, त्यांचे काय? डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे २०१२ साली ओले कासो यांनी सायकलरिक्षातून वृद्धाश्रमातील मंडळींना फिरविण्यास आरंभ केला. पुढे हे काम स्वयंसेवकांनी अनेक देशांत नेले.

आजोबांची सायकल अडगळीत टाकण्यापूर्वी त्यांचा पाय किती उचलतो व तोल कितपत राहतो, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने पाहावे, अशी आमची विद्यार्थिमित्रांना विनंती आहे.