विश्लेषण : प्रकाशावर चालणारी रसायननिर्मिती मोठ्या टाकीत का अडते?

अकोल्याच्या बाजारात दुकानाबाहेर टांगलेल्या कापडाचा वरचा पदर उन्हाळाभरात विटतो. घडी उलगडली, की आतला रंग मात्र तसाच असतो. प्रकाशाच्या जोरावर औषधे आणि रसायने बनवतानाही हीच अडचण येते : प्रकाश आतपर्यंत पोहोचत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे फ्लो रिअ‍ॅक्टर.

प्रकाश-उत्प्रेरण म्हणजे काय?

अनेक अभिक्रियांना एरवी जास्त उष्णता किंवा तीव्र रसायने लागतात. प्रकाश-उत्प्रेरक प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा अभिक्रियेसाठी वापरतो. त्यामुळे यातील बरीच कामे साध्या तापमानाला होतात. इटलीचे रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी १९१२ मध्येच सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या उद्योगाची कल्पना मांडली होती.

मग अडते कुठे?

समजा, द्रावणाचा पहिला १ मिलिमीटरचा थर ९० टक्के प्रकाश शोषतो. दुसरा थर उरलेल्यातला ९० टक्के घेतो. म्हणजे २ मिलिमीटरनंतर उरतो जेमतेम १ टक्का. शिवाय टाकीची लांबी, रुंदी, उंची दहापट केली, तर द्रावण हजारपट होते, पण प्रकाश घेणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो.

फ्लो रिअ‍ॅक्टर काय करतो?

टाकीऐवजी पारदर्शक, बारीक नळी एलईडीभोवती गुंडाळतात आणि पंपाने द्रावण त्यातून सतत वाहते ठेवतात. नळी बारीक असल्याने प्रकाश सगळीकडे पोहोचतो. उत्पादन वाढवायचे तर नळ्या वाढवा किंवा यंत्र जास्त तास चालवा.

सुरक्षेचे काय?

२३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीतील रसायन कारखान्यात झालेल्या स्फोटात अनेकांचा जीव गेला. फ्लो पद्धतीत एका वेळी नळीत थोडेच रसायन असते, उष्णताही लवकर बाहेर पडते. धोका संपत नाही, पण त्याचा आवाका कमी होतो.

हे प्रत्यक्षात झाले आहे का?

मलेरियावरील एसीटी उपचाराचा पाया असलेले आर्टेमिसिनिन २०१२ मध्ये जर्मनीच्या मॅक्स प्लांक संस्थेतील पीटर झेबर्गर आणि सहकाऱ्यांनी प्रकाश व ऑक्सिजन वापरून फ्लो पद्धतीने बनवून दाखवले. मलेरियाशी झुंजणाऱ्या भागांसाठी असे औषध स्वस्तात, अखंड मिळणे महत्त्वाचे. महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अमोल कुलकर्णी सूक्ष्म-रिअ‍ॅक्टर आणि सतत प्रवाही प्रक्रियांवर काम करतात. त्यांना २०२० चा भटनागर पुरस्कार मिळाला.

वऱ्हाडात ऊन भरपूर, मग एलईडी कशाला?

ऊन रात्री नसते, पावसाळ्यात भरवशाचे नसते. शिवाय प्रत्येक उत्प्रेरकाला ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश लागतो. एलईडी तो हवा तेव्हा देतो, आणि त्याची वीज छतावरच्या सौर पॅनलमधून घेता येते.

अडचणी कोणत्या?

घन पदार्थ तयार झाला, की बारीक नळी तुंबते. एलईडी तापतात, त्यांना थंड ठेवावे लागते. इरिडियम, रुथेनियमचे उत्प्रेरक महाग आहेत. म्हणजे काम एकट्या रसायनशास्त्राचे नाही. अमरावती-अकोल्यातील रसायन, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना एकाच टेबलावर बसायला लावणारा हा विषय आहे.