जुनी ध्वनिमुद्रिका कशी ऐकावी?

श्रोतेहो, एखाद्या थोर कलावंताची जुनी ध्वनिमुद्रिका हाती आली, की आपण आधी तिची कथा ऐकतो आणि मग संगीत. पुष्कळदा कथाच एवढी मोठी होऊन बसते, की संगीत ऐकायचे राहूनच जाते. दिनू लिपात्ती या रुमानियन पियानोवादकाच्या बाबतीत तर हे हमखास घडते.

कथा थोडक्यात सांगतो. लिपात्तीचा जन्म १९१७ साली बुखारेस्टला झाला. पुढे तो जिनीव्हाला स्थायिक झाला. ऐन उमेदीत त्याला लसिकाग्रंथींचा कर्करोग जडला. १९५० च्या जुलैत कॉर्टिझोन या औषधाने थोडा उतार पडला, आणि तेवढ्या अवधीत जिनीव्हात त्याने बाख, मोझार्ट आणि शोपँचे चौदा वॉल्ट्झ ध्वनिमुद्रित केले. १६ सप्टेंबरला फ्रान्समधल्या बेझाँसों गावी त्याची मैफल ठरली होती. डॉक्टरांनी मनाई केली. पण शब्द दिला होता, म्हणून तो गेला. चौदांपैकी तेरा वॉल्ट्झ झाले. शेवटचा वाजवण्याची ताकद उरली नव्हती. त्याऐवजी त्याने बाखची एक छोटी प्रार्थनारचना वाजवली. २ डिसेंबरला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तो गेला. फ्रेंच नभोवाणीने ती मैफल मुद्रित करून ठेवली होती, म्हणून ती आज आपल्याला ऐकायला मिळते.

आता ही कथा क्षणभर बाजूला ठेवा आणि नुसता कान द्या.

पहिली गोष्ट, आवाजातली खरखर. ती यंत्राची आहे, वादकाची नव्हे. चार-पाच मिनिटांत कान तिला सरावतो. नाट्यगीतांच्या जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट, पियानोचा स्वभाव. पियानोत तारेवर हातोडी पडते आणि स्वर त्या क्षणापासून विरू लागतो. मींड नाही, स्वर फुगवण्याची सोय नाही. तरीही सुरावट गायल्यासारखी वाटते ती कशाने? प्रत्येक स्वराचा जोर मागच्या स्वराच्या उरलेल्या नादाशी जुळवून घेतला, म्हणजे कानाला सलगपणाचा भास होतो. लिपात्तीची खरी किमया इथे आहे.

तिसरी गोष्ट, डावा हात. वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचा नाच. डावा हात ठेका धरतो, उजवा सुरावट वाजवतो. उजवा हात किंचित रेंगाळतो, पुढे धावतो. डावा मात्र तोल सुटू देत नाही. एकदा सगळा वॉल्ट्झ फक्त डाव्या हाताकडे लक्ष देऊन ऐका.

मग तोच वॉल्ट्झ जिनीव्हाचा आणि बेझाँसोंचा, असा लागोपाठ लावा. पहिल्यात पुन्हा वाजवण्याची मुभा होती, दुसऱ्यात नव्हती. बेझाँसोंला तो बाख सुरू करण्याआधी सहज थोडे स्वर छेडतो. ही युरोपातल्या जुन्या वादकांची रीत. आपल्याकडे गवई आधी षड्ज लावतो, तसेच म्हणा ना!

एवढा खटाटोप कशासाठी? तेही सांगतो. १९६० च्या दशकात लिपात्तीच्या नावावर शोपँच्या ई मायनर कन्सर्टोची एक तबकडी निघाली. ती वर्षानुवर्षे विकली गेली, वाखाणली गेली. १९८१ साली उघड झाले, की वादन लिपात्तीचे नव्हतेच; ते हालिना चेर्नी-स्तेफान्स्का या पोलिश वादिकेचे होते! पुढे झ्युरिकमधले, १९५० सालचे, लिपात्तीचे अस्सल मुद्रणही उपलब्ध झाले. मग इतकी वर्षे रसिकांनी ऐकले ते काय? वादन, की वेष्टनावरचे नाव? आणि ज्या बाईंनी ते सुंदर वाजवले, त्यांच्या वाट्याची दाद गेली दुसऱ्याच्या खात्यात. ते वादन मुळीच हिणकस नव्हते. चूक फक्त नावाची होती.

तेव्हा, मंडळी, एवढे करा: वेष्टन उलटे ठेवा आणि आधी ऐका. काय आवडले, कुठे खटकले, ते मनाशी ठरवा. नाव मग वाचा, कथा त्याहून मागाहून. बेझाँसोंला त्या दिवशी आजारी माणूस आला होता हे खरे. पण त्याने लोकांपुढे ठेवले ते आजारपण नव्हे, संगीत. आपण तेच घ्यावे.