खेळातले विश्व आणि कादंबरीतले विश्व

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. व्हिडिओ गेमवरून कादंबरी लिहिता येईल काय, आणि तीही एक नव्हे, चांगली पाच-सहा भागांची? कॉलेजातली मुले हा प्रश्न विचारतात, आता तर आठवी-नववीतलीही विचारू लागली आहेत. कुणाच्या वहीच्या मागल्या पानावर अज्ञात राज्यांचे नकाशे असतात, कुणाच्या वहीत राक्षसांची यादी. घरच्यांना वाटते, पोरगे वाया चालले. मला तसे वाटत नाही. मात्र खेळ कुठे संपतो आणि कादंबरी कुठे सुरू होते, हे त्या मुलाला कुणीतरी समजावून दिले पाहिजे. हे काम शिक्षकांचे आहे, म्हणून आजचे बोलणे विशेषतः त्यांच्यासाठी.

आधी हा खेळ काय आहे ते पाहू. याला रोल-प्लेइंग गेम, म्हणजे भूमिकेचा खेळ म्हणतात. खेळणारा त्यात योद्धा, मांत्रिक किंवा चोर बनतो, गावोगाव हिंडतो, संकटे पार करतो आणि दर संकटागणिक त्याचे बळ वाढते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा असा खेळ प्रसिद्ध केला. त्याला ना पडदा लागे, ना वीज. चार-पाच जण टेबलाभोवती बसत. एक जण सूत्रधार होई आणि सांगे, “पुढे भुयार आहे, आतून धूर येतो आहे. काय करता?” बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देत, आणि बेत साधला की फसला हे फासा ठरवी. त्या फाशांत वीस बाजूंचाही एक फासा होता. पुढे अशाच नियमांवर संगणकातले खेळ उभे राहिले. जपानात १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि १९८७ साली ‘फायनल फॅन्टसी’ निघाले.

या खेळांतून कादंबऱ्या खरोखरच जन्मल्या आहेत. १९८४ साली मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांनी ‘ड्रॅगनलान्स’ ही मालिका सुरू केली. त्या विश्वाचा खेळ आणि कादंबरी, दोन्ही एकाच वर्षी बाहेर पडले. जपानचे उदाहरण तर आपल्या शाळांना अधिक जवळचे आहे. तिथे काही मित्र खेळायला बसले, त्यांचे बोलणे लिहून घेतले गेले आणि १९८६ पासून ‘कॉम्प्टिक’ मासिकात छापले गेले. त्या खेळाचे सूत्रधार र्‍यो मिझुनो यांनी त्यावरूनच १९८८ पासून ‘रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर’ या कादंबऱ्या लिहिल्या.

तर मग खेळाकडून घ्यायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे नियम. खेळात मंत्र कितीदा म्हणता येतो, त्याने किती शक्ती खर्च होते, हे पक्के ठरलेले असते. अद्भुत कादंबरीलाही ही शिस्त हवी. नायक अडकला की लेखकाने हवी ती विद्या त्याच्या हातात दिली, तर वाचकाचा विश्वास उडतो. दुसरी गोष्ट म्हणजे नकाशा. दोन गावांमध्ये किती दिवसांची वाट आहे, मध्ये नदी आहे की घाट, हे लेखकाला ठाऊक असलेच पाहिजे.

आणि सोडायचे काय? खेळात माणूस मेला तर जिथे खेळ राखून ठेवला होता तिथून पुन्हा सुरू करता येतो. ही सोय कादंबरीत चालत नाही. बरे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. महाभारतातला द्यूताचा प्रसंग आठवा. युधिष्ठिर सर्वस्व हरला. मग धृतराष्ट्राने द्रौपदीला वर दिले आणि राज्य परत केले. म्हणजे डाव जणू पुन्हा पहिल्या जागी आला. पण भरसभेत झालेला अपमान काही परत घेता आला नाही! सोंगट्या जागेवर आल्या, माणसे आली नाहीत. पुन्हा द्यूत झाले, १२ वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास पदरी पडला, आणि शेवटी युद्ध झाले. खेळात जे पुसता येते ते कथेत पुसता येत नाही, आणि कथा पुढे चालते ती त्यामुळेच.

आता स्थळाचे पाहू. आपली मुले बर्फाचे डोंगर आणि परदेशी किल्ले रंगवतात, कारण पडद्यावर तेच दिसते. पण छत्रपती संभाजीनगरपासून १५ किलोमीटरच्या आसपास देवगिरीचा किल्ला उभा आहे. सुमारे २०० मीटर उंचीची टेकडी, चारी बाजूंनी उभा तासलेला कडा, खाली खंदक आणि त्यापुढे खडकात कोरलेली ‘अंधारी’. या वळणावळणाच्या भुयारात शत्रूला दिशा कळू नये आणि वरून धूर सोडून त्याला गुदमरवता यावे, अशी योजना होती. कुठल्याही खेळातल्या भुयाराने हेवा करावा असे हे ठिकाण आहे.

पण कादंबरीकाराने अंधारीपाशी थांबू नये. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी चालून आला तेव्हाची एक हकीकत फिरिश्ता या इतिहासकाराने दिली आहे. रामदेवरावाच्या माणसांनी घाईघाईने धान्याची म्हणून पोती किल्ल्यात चढवली. वेढा पडल्यावर पोती उघडली, तर आत मीठ! कडा, खंदक, अंधारी सगळे जागच्या जागी होते, पण पोटाला दाणा नव्हता. खेळ तटाचे बळ मोजतो. कादंबरीने ती पोती उचलणारा हमाल, ती उघडून न पाहणारा कोठारी आणि पहिल्यांदा पोत्यात हात घालणारा शिपाई यांच्याकडे पाहायचे असते.

राहिला प्रश्न अनेक भाग एकत्र बांधण्याचा. त्यासाठी पैठणकडे वळू. सातवाहन राजाच्या दरबारातला गुणाढ्य एका पैजेत हरला आणि ठरल्याप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या, अशी कथा आहे. मग उरलेल्या पैशाची भाषेत त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा रचली. राजाने ती तुच्छ मानली, तेव्हा गुणाढ्य रानात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. राजा धावत आला तोवर एकच लाख श्लोक उरले होते. मूळ ग्रंथ आज मिळत नाही. पण ११व्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्या परंपरेतून ‘कथासरित्सागर’ रचला, त्याचे १८ लंबक आहेत. त्यात गोष्टींतून गोष्टी फुटतात, तरी नरवाहनदत्त विद्याधरांचा चक्रवर्ती कसा होतो, हा मुख्य धागा सुटत नाही. मालिका लिहिणाऱ्याने एवढे धरून ठेवावे: प्रत्येक भागात एक प्रश्न पुरता मिटावा, आणि मोठा प्रश्न मात्र शेवटच्या भागापर्यंत जागा राहावा.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत हे करून पाहायला खर्च नाही. पाच मुले घ्या, चार कवड्या घ्या. सूत्रधार तुम्ही व्हा. जागा मुलांच्या ओळखीची निवडा: गावची बारव, पडकी गढी, नदीचा डोह. “काय करता?” असे विचारा आणि निकाल कवड्यांवर सोडा. एका मुलाला सगळे लिहून घ्यायला सांगा. दुसऱ्या दिवशी त्याच टिपणाची गोष्ट करायला सांगा, पण कवड्यांचा उल्लेख करू देऊ नका. कवडीने जे दिले त्याचे कारण आता मुलालाच शोधावे लागेल. उडी का चुकली? सोबती का परतला नाही?

गोष्ट वाचून झाली की शुद्धलेखनाच्या चुकांआधी एक प्रश्न विचारा: “तुझ्या नायकाला हे बळ मिळाले, त्यासाठी त्याने काय गमावले?” मुलगा गप्प राहिला तर राहू द्या. उत्तर सुचले की तो स्वतःच वही घेऊन परत येईल.