बुडापेस्टच्या हेनिंगबाई

२०१६ साली एडिंबरोत चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मुख्य कचेरीच्या माळ्यावर, जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात एक मृत्युपत्र सापडलं. हातानं लिहिलेलं, तारीख जुलै १९४२ ची. लिहिणारी बाई पंचेचाळीस वर्षांची, अविवाहित, आणि राहायला हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टला. इस्टेट म्हणावी असं त्यात काहीच नाही. आपल्यामागे आपला कोळसा, टाइपरायटर, फरचे कोट, घड्याळं आणि रेडिओ मार्गिट प्रेम हिला द्यावा, एवढंच प्रामुख्यानं सांगितलेलं.

‘प्रेम’ हे हंगेरियन आडनाव आहे, आपल्या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. पण मराठी माणसाची नजर तिथं क्षणभर थबकते खरी. आणि कोळसा! मृत्युपत्रात कोळसा लिहून ठेवावासा वाटणं म्हणजे काय, हे आपल्याला, डिसेंबरात एक शाल काढली की थंडी संपली असं मानणाऱ्यांना, कळायला जरा वेळ लागतो. युद्धकाळातल्या मध्य युरोपात घरातला उरलेला कोळसा म्हणजे सोन्यासारखीच ठेव होती.

मृत्युपत्र लिहिणाऱ्या बाईंचं नाव जेन हेनिंग. पुढे दोनच वर्षांत आउशवित्झच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. मला मात्र त्यांचं त्याआधीचं जगणं सांगावंसं वाटतं, कारण ते फार ओळखीचं आहे. आपल्या शाळांतून, वसतिगृहांतून अशा बाई आपण पाहिलेल्या असतात. कमरेला किल्ल्या, हातात हिशेबाची वही, आणि चाळीस पोरींच्या मोज्यांना पडलेली भोकं तोंडपाठ.

जेनचा जन्म १८९७ चा, दक्षिण स्कॉटलंडमधल्या डन्स्कोर गावातला, शेतकऱ्याच्या घरातला. आई ती लहान असतानाच गेली. पोर हुशार निघाली, डम्फ्रीजच्या शाळेत चमकली, आणि शिक्षण संपल्यावर पेझली गावातल्या कोट्स कंपनीच्या दोऱ्याच्या कारखान्यात कचेरीत नोकरीला लागली. हे पेझली आपल्याला अनोळखी वाटेल, पण तसं ते नाही. साडीच्या पदरावरच्या आपल्या कोयरीला इंग्रजीत ज्या नावानं ओळखतात, ते या गावाचं नाव. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींची नक्कल तिथल्या मागांवर इतकी निघाली की नक्षीलाच गावाचं नाव चिकटलं! आणि कोट्सच्या दोऱ्याची रिळं तर आपल्याकडच्या शिवणयंत्रांवरही फिरली आहेत.

दहाएक वर्षं नोकरी झाली. पगार बरा, रविवारी चर्चच्या शाळेत मुलांना शिकवणं, असं सरळ आयुष्य चाललेलं. १९२७ मध्ये ग्लासगोत ज्यू मिशनच्या कामावरचं एक भाषण तिनं ऐकलं आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीला सांगितलं, की मला माझं आयुष्याचं काम सापडलं. त्यानंतर तिनं काय करावं? धर्मशास्त्राच्या ग्रंथांत बुडून जावं? बाईनं गृहशास्त्राची पदविका घेतली! स्वयंपाक, साठवण, हिशेब, आजाऱ्याची शुश्रूषा. पुढं हेच उपयोगी पडणार होतं. मिशनरी शिक्षणही झालं, आणि जून १९३२ मध्ये हेनिंगबाई बुडापेस्टच्या स्कॉटिश मिशनच्या मुलींच्या वसतिगृहाच्या प्रमुख म्हणून रुजू झाल्या.

स्कॉटिश मिशन म्हटलं की आपल्याला गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज आठवतं. बुडापेस्टला हे लोक पोचले कसे, याची गोष्ट मोठी मजेची आहे. १८३९ साली चर्च ऑफ स्कॉटलंडनं काही धर्मोपदेशकांना पॅलेस्टाइनला पाहणीसाठी पाठवलं होतं. त्यातले एक वयस्क गृहस्थ उंटावरून पडले. त्यांना लांबचा प्रवास झेपेना, म्हणून ते आणि त्यांचे एक सोबती डॅन्यूब नदीच्या जवळच्या वाटेनं घरी निघाले. वाटेत पेस्ट शहरात सोबती अतिशय आजारी पडले. तिथल्या राजघराण्यातली मारिया डोरोथिया ही धर्मनिष्ठ प्रोटेस्टंट बाई. तिनं त्यांची काळजी घेतली आणि इथं मिशन काढा, असा आग्रह धरला. १८४१ मध्ये मिशन सुरू झालं. त्याच सुमारास डॅन्यूबवर साखळी पूल बांधायचं काम चाललं होतं. त्यावर देखरेख करणारा इंजिनियर अॅडम क्लार्क हाही स्कॉटिशच. तो पुढं हंगेरियन मुलीशी लग्न करून तिथलाच झाला, आणि पुलाच्या बुडाकडच्या टोकाला असलेल्या चौकाला आज त्याचं नाव आहे. तेव्हा परक्या मुलखात जाऊन तिथलं होऊन राहणं स्कॉटिश माणसांना नवं नव्हतं.

व्हरोश्मार्टी रस्त्यावरच्या ५१ नंबरच्या इमारतीत मिशनची शाळा होती. मुली सुमारे चारशे, वय सहा ते सोळा. त्यांतल्या तीस-चाळीस जणी वसतिगृहात राहत. कोणी ख्रिस्ती, पुष्कळशा ज्यू. हेनिंगबाई हंगेरियन शिकल्या. आणि ही भाषा युरोपातल्या बहुतेक भाषांशी नातं न सांगणारी, भल्याभल्यांना रडवणारी आहे बरं! मायदेशी पाठवलेल्या त्यांच्या पत्रांत मोठमोठे विचार फारसे नाहीत. मुली आहेत. आईबाप नसलेली एक लहानगी नव्यानं आली, तिच्या वाट्याला आजवर फारशी माया आली नसावी, असं एका पत्रात त्या लिहितात. आईविना वाढलेल्या बाईला ते बरोबर दिसलं. १९३८ नंतर, जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळल्यावर, निर्वासित ज्यू कुटुंबांकडे पाहताना त्यांना वाटलं ते असं, की आपण कुणालाच नकोसे आहोत, शेजाऱ्याला आपला रोजचा घासही खुपतो, हे उमगणं किती भयंकर असेल.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्यू लोकांना ख्रिस्ती करणं हा या मिशनचा मूळ हेतू होता. मिशनरी म्हटलं की आपल्या कपाळाला आठी पडते, आणि त्याला इतिहास आहे. १८३९ मध्येच जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी मुलांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शहरात केवढा गहजब उडाला होता! हेनिंगबाई त्याच परंपरेतल्या, आणि त्यांची श्रद्धा अस्सल होती. शाळेत बायबल होतं, प्रार्थना होती. ज्यू आईबापही ते जाणूनच मुली पाठवत, कारण शाळा चांगली होती. पण हंगेरीत १९३८ पासून एकामागून एक ज्यूविरोधी कायदे झाले, आणि माणूस ज्यू आहे की नाही हे श्रद्धेवर नव्हे, तर आजी-आजोबांवरून ठरू लागलं. बाप्तिस्म्याच्या दाखल्याला किंमत उरली नाही. मला वाटतं, त्या दिवसापासून मिशनचा जुना हेतू निरर्थक झाला. या मुलींजवळ कोणी थांबणार आहे का, एवढाच प्रश्न उरला.

आता मार्गिटविषयी. मार्गिट प्रेम मिशनच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका, हंगेरियन. एक शाळा सांभाळणार, दुसरी घर. अशा जोड्या आपल्याकडच्या संस्थांतही असतात, आणि संस्था चालते ती त्यांच्याच जिवावर. १९३९ च्या उन्हाळ्यात हेनिंगबाई सुट्टीवर ब्रिटनला आल्या, तेव्हा मार्गिट बरोबर होती. दोघी कॉर्नवॉलच्या समुद्रकिनारी असताना सप्टेंबरात महायुद्ध सुरू झालं. कोणीही म्हणालं असतं, आता राहा इथेच. त्या पहिल्या मिळेल त्या गाडीनं परत निघाल्या. खच्चून भरलेल्या डब्यांतून, गाड्या बदलत, सामान स्वतः उचलत दोघी बुडापेस्टला पोचल्या.

१९४० मध्ये चर्चनं आपल्या माणसांना परत यायला सांगितलं. हेनिंगबाईंनी नकार दिला. उजेडाच्या दिवसांत या मुलींना माझी गरज होती, तर अंधाराच्या दिवसांत ती किती अधिक असेल, असं त्यांचं म्हणणं. डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटननं हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. तरी जन्माची सवय सुटेना. बाजाराच्या दिवशी पहाटे पाचला उठायचं, मिळेल ते धान्य-भाजी विकत घ्यायची आणि जड ओझी स्वतः वाहून आणायची. चामडं मिळेनासं झालं, तेव्हा त्यांनी आपल्या प्रवासाच्या चामडी बॅगा कापल्या आणि मुलींच्या बुटांना तळ लावून दिले. या बॅगांच्या गोष्टीपाशी मी दर वेळी थांबतो. परदेशी राहणारा माणूस ट्रंक-बॅग कधी मोडीत काढत नाही. ती असते परतीची.

हंगेरी जर्मनीच्या गोटात असला तरी तिथल्या ज्यूंची सरसकट रवानगी तोवर झाली नव्हती. १९ मार्च १९४४ ला जर्मन फौजा आत शिरल्या आणि सगळं पालटलं. ५ एप्रिलपासून ज्यूंनी कपड्यांवर पिवळी चांदणी लावलीच पाहिजे, असा हुकूम सुटला. सहा-सात वर्षांच्या पोरींच्या झग्यांवर चांदण्या शिवायचं काम वसतिगृहाच्या बाईंकडे आलं. शिवताना त्यांना रडू आवरलं नाही.

त्याच महिन्यात गेस्टापोची माणसं आली. सांगतात ते असं, की स्वयंपाकिणीचा जावई मुलींच्या वाटणीचं अन्न खाताना सापडला, बाईंनी त्याला झापलं, आणि त्यानं जाऊन तक्रार केली. तीस पोरींच्या ताटातला घास कोणी उचलला तर कुठलीही वसतिगृहाची बाई भडकेलच. सामान बांधायला त्यांना पंधरा मिनिटं दिली. दुपारच्या जेवणापर्यंत येते, असं त्या जाताना म्हणाल्या, ही एका विद्यार्थिनीची आठवण आहे.

त्यांच्याबरोबरच्या एका कैदी स्त्रीनं पुढं त्यांच्यावरचे आरोप सांगितले. ज्यूंमध्ये काम केलं. पिवळ्या चांदण्या पाहून रडल्या. आर्यवंशीय नोकरबाईला कामावरून काढलं. बीबीसी ऐकली. घरी इंग्रज पाहुणे आले. ब्रिटिश युद्धकैद्यांना भेटल्या, त्यांना पार्सलं पाठवली. राजकारण केलं. हेनिंगबाईंनी शेवटचा तेवढा नाकारला, बाकी सगळे कबूल केले. कबूल न करायला होतं काय त्यात? पाहुणे, पार्सल, रेडिओ, नोकरमाणसाशी खटका. कुठल्याही घरात होतं तेच. रेडिओ तोच, जो मार्गिटला द्यायचा म्हणून लिहून ठेवला होता.

आधी फो रस्त्यावरचा तुरुंग, मग किश्टार्चा इथली छावणी, आणि मे महिन्यात आउशवित्झ. कैदी क्रमांक ७९४६७. १५ मे ते ९ जुलै या आठ आठवड्यांत हंगेरीतून ४ लाखांहून जास्त ज्यू बाहेर नेले गेले, बहुतेक सगळे आउशवित्झला. बाईंच्या शाळेतल्या काही मुली वाचल्या, काही गेल्या. वाचलेल्यांनी म्हातारपणापर्यंत त्यांच्या आठवणी सांगितल्या, म्हणून तर आज एवढं ठाऊक आहे.

१९९७ साली इस्रायलच्या याद वाशेम संस्थेनं त्यांना, ज्यूंसाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्या अन्यधर्मीयांना देतात तो सन्मान दिला. २०१० मध्ये बुडापेस्टनं पेस्टच्या बाजूचा, साखळी पुलापाशी सुरू होणारा नदीकाठचा धक्का त्यांच्या नावाचा केला. पलीकडच्या तीरावर अॅडम क्लार्कचा चौक. व्हरोश्मार्टी रस्त्यावर ५१ नंबरला स्कॉटिश चर्च अजून आहे.

आउशवित्झहून त्यांचं एक पत्र आलं, मार्गिटच्या नावे. पेन्सिलीनं, जर्मनमध्ये लिहिलेलं, कारण छावणीतून दुसऱ्या भाषेत लिहायची मुभा नव्हती. तक्रार केलेली नाही, करता येतही नव्हती. सफरचंदं किंवा दुसरी ताजी फळं, बिस्किटं, कुठल्या तरी प्रकारचा पाव, असं काही पाठवता येईल का, अशी विचारणा आहे. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी बाजारहाट केलेल्या बाईंनी पहिल्यांदाच स्वतःसाठी यादी दिली होती. पत्रावर तारीख आहे १५ जुलै १९४४. मृत्यूच्या दाखल्यावर १७ जुलै.