बालकलाकार ते दिग्दर्शक : सचिन पिळगावकर यांच्या कारकिर्दीचा मागोवा

सचिन पिळगावकर यांचा जन्म १७ ऑगस्ट १९५७ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे गोव्याचे, घरात कोकणी. वडील शरद पिळगावकर यांचा छपाईचा व्यवसाय होता आणि चित्रपटनिर्मितीचीही ओढ होती. दिग्दर्शक राजा परांजपे यांच्या ‘हा माझा मार्ग एकला’मधून हा मुलगा पडद्यावर आला, तेव्हा तो शाळेत जाण्याच्या वयाचाही जेमतेम झाला होता. ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘जगाच्या पाठीवर’ असे चित्रपट देणारे परांजपे मराठी विनोदी चित्रपटाचे जाणते कारागीर होते. पुढे विनोदी चित्रपटांवरच ओळखल्या गेलेल्या दिग्दर्शकाची पहिली ओळख त्यांच्याशी व्हावी, हा योगायोग चांगला म्हणायचा.

मराठीतून हिंदीत जायला फार वेळ लागला नाही. ‘मास्टर सचिन’ या नावाने साठीच्या दशकात त्यांनी बरीच कामे केली. त्यांतले सर्वांत महत्त्वाचे काम हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘मझली दीदी’मधले (१९६७). शरत्चंद्रांच्या कथेवरच्या या चित्रपटात आई गेल्यावर सावत्र बहिणीच्या दारी येऊन पडलेला, बोलणी खाणारा पोरका मुलगा त्यांनी उभा केला. त्याला माया लावणारी ‘मझली दीदी’ म्हणजे मीनाकुमारी. उर्दूचे धडे आपल्याला मीनाकुमारींकडून मिळाले, असे सचिन यांनी अनेक मुलाखतींत सांगितले आहे. त्याच वर्षीच्या ‘ज्वेल थीफ’मध्ये आणि पुढच्या वर्षीच्या ‘ब्रह्मचारी’मध्येही ते दिसले. या वयातली कामे पाहताना जाणवते ती एक गोष्ट. कॅमेऱ्यासमोर मुलाला लाडिक करण्याचा त्या काळचा रिवाज होता. सचिन यांच्या वाट्याला तशी कामे आलीच, पण ‘मझली दीदी’त ते समोरच्याचे ऐकताना दिसतात. बालकलाकारात हे विरळाच.

बालकलाकाराचे खरे संकट आवाज फुटतो आणि मिसरूड येते तेव्हा सुरू होते. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेला चेहरा बदलतो आणि नायकाच्या रांगेत त्याला कोणी उभे करत नाही. हिंदीतली कितीतरी गाजलेली मुले या टप्प्यावर मागे पडली. सचिन यांना राजश्री या निर्मितीसंस्थेने तारले. हिरेन नाग दिग्दर्शित ‘गीत गाता चल’ (१९७५) या राजश्रीच्या चित्रपटात ते नायक झाले आणि नायिका होती सारिका. तीही त्यांच्यासारखीच बालकलाकार म्हणून वाढलेली. मग तरुण मजुमदार यांचा ‘बालिका बधू’ (१९७६), ‘अँखियों के झरोखों से’ (१९७८) आणि गोविंद मूनीस यांचा ‘नदिया के पार’ (१९८२) असे चित्रपट आले. गावाकडचा, साधा, गाणारा, लाजरा तरुण ही प्रतिमा त्यातून पक्की झाली. ‘नदिया के पार’ने तर उत्तर भारतात त्यांना घरचे करून टाकले. पुढे राजश्रीनेच तीच कथा शहरी थाटात ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) म्हणून पुन्हा मांडली.

नायकपदाच्या या काळातच त्यांचे दुसरे शिक्षण चालू होते आणि त्याची शाळा होती ‘शोले’ (१९७५). पडद्यावर त्यांची भूमिका छोटी, इमामसाहेबांच्या अहमदची. गब्बर त्याला मारतो. ही हत्या चित्रितही झाली होती. मात्र प्रदर्शित झालेल्या प्रतीत ती राहिली नाही. तिथे गब्बर हातावर चढलेली मुंगी चिरडतो आणि नंतर घोडा अहमदचे प्रेत घेऊन गावात येतो. अभिनेत्याच्या दृष्टीने हा तोटाच, कारण सगळ्यात मोठा प्रसंग कापला गेला. चित्रपटाच्या दृष्टीने मात्र परिणाम कितीतरी पटींनी वाढला. संकलनाच्या टेबलावर काय होऊ शकते, याचा यापेक्षा रोखठोक धडा सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला मिळणे कठीण. सचिन यांच्या सांगण्याप्रमाणे ‘शोले’च्या साहसदृश्यांच्या दुसऱ्या युनिटवर रमेश सिप्पी यांच्या वतीने लक्ष ठेवायला ते आणि अमजद खान बसत. संकलनाची गोडी त्यांना हृषीकेश मुखर्जींमुळे लागली, असेही ते सांगतात. मुखर्जी स्वतः संकलक म्हणून घडलेले दिग्दर्शक. कोणत्याही चित्रपटसंस्थेत पाऊल न टाकता सचिन दिग्दर्शक झाले ते असे, दुसऱ्यांच्या सेटवर राहून.

मराठीशी धागा मधल्या काळात तुटला नव्हता. वडिलांची निर्मिती असलेला, राजदत्त दिग्दर्शित ‘अष्टविनायक’ (१९७९) प्रचंड चालला. त्यात सचिन नायक आणि वंदना पंडित नायिका होत्या. ‘माय बाप’पासून (१९८२) त्यांनी दिग्दर्शन सुरू केले. त्या वेळी मराठी पडद्यावर दादा कोंडके यांचा जोर होता आणि तमाशापट मागे पडत चालला होता. शहरी मध्यमवर्गाचा विनोद मात्र रंगभूमीवरच अडकलेला. १९८४च्या ‘नवरी मिळे नवऱ्याला’ने तो पडद्यावर आणला. अशोक सराफ आणि निवेदिता जोशी त्यात होत्याच. सुप्रिया सबनीस यांचाही हा महत्त्वाचा चित्रपट. दुसऱ्याच वर्षी सचिन आणि सुप्रिया यांचे लग्न झाले.

याच सुमारास आणखी एक बालकलाकार मराठीत दिग्दर्शक म्हणून पाय रोवत होता. ‘छोटा जवान’ आणि ‘राजा और रंक’मध्ये लहानपणी चमकलेल्या महेश कोठारे यांचा ‘धूमधडाका’ १९८५मध्ये आला. पुढच्या दहा वर्षांचा मराठी विनोदी चित्रपट बव्हंशी या दोघांनी चालवला. नट तेच, लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ, पण वाटा निराळ्या. कोठारेंना तंत्राचा, साहसाचा आणि खलनायकाचा सोस. त्यांचा खलनायक तात्या विंचू हे त्याचे टोक. सचिन यांचा भर प्रसंगाच्या बांधणीवर आणि बोलण्याच्या वेळेवर. दोघांनीही आयत्या कथा घेतल्या, हेही खरे. ‘धूमधडाका’ची मुळे दक्षिणेतल्या चित्रपटात सापडतात, तर सचिन यांचा ‘एकापेक्षा एक’ (१९९०), आंधळ्या आणि बहिऱ्याच्या जोडीचा, हॉलिवूडच्या वळणाचा आहे.

‘गंमत जंमत’मध्ये (१९८७) पैशासाठी श्रीमंत घरच्या मुलीला पळवणारे दोन नवशिके अपहरणकर्ते, सराफ आणि सचिन, प्रेक्षकांना आवडले. गोव्याच्या वर्षा उसगावकर इथे मराठी पडद्यावर आल्या. अरुण पौडवाल यांच्या संगीतात किशोर कुमार यांनी गायलेले मराठी गीत आजही लग्नाच्या वरातीत वाजते. पण या चित्रपटाने जमवलेली मंडळी खरी कामी आली ती पुढच्या वर्षी.

‘अशी ही बनवाबनवी’ सप्टेंबर १९८८मध्ये प्रदर्शित झाला. निर्माते किरण शांताराम, पटकथा-संवाद वसंत सबनीस यांचे. कथेचा सांगाडा हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’चा (१९६६). ‘मझली दीदी’च्या आधी मुखर्जींनी काढलेला हा चित्रपट फारसा चालला नव्हता. बालपणी ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांचाच पडलेला चित्रपट उचलून सचिन यांनी मराठीत आणला, आणि मूळ चित्रपट लोक विसरले. पुण्यात बिऱ्हाड शोधणारे चार तरुण, जोडप्यांनाच जागा देणाऱ्या लीलाबाई काळभोर आणि त्यामुळे दोघांना नेसावे लागलेले लुगडे, एवढ्या भांडवलावर हा डोलारा उभा आहे.

तो टिकला सबनीसांच्या लेखणीवर. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे त्यांचेच लोकनाट्य. वगात प्रश्नाला उत्तर नव्हे तर उत्तराला कोपरखळी येते, तशीच रचना इथे दिसते. आधीचे घरमालक सरपोतदार (सुधीर जोशी) आणि धनंजय माने (अशोक सराफ) यांचा प्रसंग घ्यावा. मधुमेहावरच्या इस्रायली औषधापायी गेलेल्या सत्तर रुपयांची चौकशी होते. उत्तर देताना अशोक सराफ चेहऱ्यावरची सुतकी कळा जराही हलू देत नाहीत आणि सुधीर जोशी यांच्या चेहऱ्यावर मात्र मधुमेही माणसाची धास्ती वाढत जाते. कॅमेरा इथे काहीही करत नाही. दोघांना एकाच चौकटीत राहू देतो, हशाला जागा सोडतो आणि ती संपायच्या आत पुढचे वाक्य येते. हे नटाचे कान असलेल्या दिग्दर्शकाचे काम आहे. नुसत्या तंत्रज्ञाला ही जागा मोजता येत नाही. सराफ, बेर्डे आणि जोशी तिघेही रंगभूमीवर तयार झालेले, त्यामुळे लांबलचक प्रसंग न तुटता पेलणारे. बंगल्यातली दारे, जिने आणि आयत्या वेळी टपकणारी माणसे यांची आखणीही थेट नाटकाची.

स्त्रीवेशाचा भाग वेगळा सांगायला हवा. बेर्डे यांची पार्वती म्हणजे उघड सोंग, पदर सावरताना पुरुष दिसत राहणारे. डोहाळजेवणाच्या प्रसंगात ते सोंग टोकाला जाते. सचिन यांची सुधा मात्र जवळजवळ खरी वाटते. चाल, मान, आवाज यांत कुठेही थट्टा नाही. दोन पद्धती शेजारी उभ्या केल्यामुळे एकाच विनोदाला दोन चवी येतात. महाराष्ट्राला बालगंधर्वांपासून स्त्रीपार्टाची नजर आहे. सुधाकडे प्रेक्षकांनी किळसेने नव्हे, कौतुकाने पाहिले ते त्यामुळेही असेल. चौघांतला शंतनू रंगवणारे सिद्धार्थ रे हे व्ही. शांताराम यांचे नातू.

त्यानंतरची तीन-चार वर्षे धावपळीची. ‘माझा पती करोडपती’ (१९८८), ‘भुताचा भाऊ’ (१९८९), ‘आमच्यासारखे आम्हीच’ (१९९०), ‘आयत्या घरात घरोबा’ (१९९१) असे चित्रपट ओळीने आले. शेवटच्यात मालक परदेशी गेला की त्याच्या बंद बंगल्यात राहायला येणारा गोपूकाका हे अशोक सराफ यांच्या उत्तम कामांपैकी एक. या विनोदी रांगेत ‘आत्मविश्वास’ (१९८९) एकटा पडला. घरच्यांनी गृहीत धरलेल्या आईची ही गोष्ट, नीलकांती पाटेकर यांच्या खांद्यावर उभी. सचिन यांच्या दिग्दर्शनाची चर्चा होते तेव्हा हा चित्रपट बहुधा वगळला जातो, आणि ते अन्यायाचे आहे. बहुतेक चित्रपटांत हशा सराफ-बेर्डे यांच्याकडे गेलेला दिसतो. दिग्दर्शकाने स्वतःकडे बहुधा सरळ नायकाची, गाण्यांची बाजू ठेवली. पडद्यावर सोबत्याला जागा देणे नटाला जड जाते; त्यांनी ती दिली आणि चित्रपटांचा त्यात फायदाच झाला.

हिंदीत दिग्दर्शक म्हणून त्यांचा तसा जम बसला नाही. जॅकी श्रॉफ आणि माधुरी दीक्षित असूनही ‘प्रेम दीवाने’ (१९९२) लक्षात राहिला नाही. छोट्या पडद्याने मात्र हात दिला. १९९४मध्ये सुरू झालेली ‘तू तू मैं मैं’ ही सासू-सुनेच्या भांडणाची मालिका त्यांनी दिग्दर्शित केली. रीमा लागू आणि सुप्रिया पिळगावकर यांची जुगलबंदी देशभर पाहिली गेली. पुढे सासू-सून म्हणजे रडारड आणि कटकारस्थान असे समीकरण झाले. ही मालिका त्याआधीची, निखळ हसवणारी. २००५मध्ये सचिन आणि सुप्रिया यांनी ‘नच बलिये’चे पहिले पर्व जिंकले. मराठी वाहिनीवरच्या ‘एकापेक्षा एक’ या नृत्यस्पर्धेतून ‘महागुरू’ हे बिरूद चिकटले आणि नव्या पिढीला ते चित्रपटांपेक्षा याच नावाने आधी भेटले.

नव्वदीच्या उत्तरार्धात मराठी चित्रपटाची स्थिती खालावली होती. २००४ हे वर्ष फिरण्याचे ठरले. एका बाजूला ‘श्वास’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, दुसऱ्या बाजूला सचिन यांच्या ‘नवरा माझा नवसाचा’ने चित्रपटगृहे भरली. जन्माच्या वेळी बोललेला आणि फेडायचा राहिलेला नवस, गणपतीपुळ्याची वाट आणि एसटी बस, बाकी सारी गंमत बसमधल्या उतारूंची. कंडक्टर अर्थातच अशोक सराफ. मराठी चित्रपट सावरल्याचे श्रेय सहसा ‘श्वास’ला एकट्याला मिळते; गर्दी खेचणाऱ्या चित्रपटाचीही तेव्हा तितकीच गरज होती. त्याच वर्षी मार्चमध्ये सिद्धार्थ रे आणि डिसेंबरमध्ये लक्ष्मीकांत बेर्डे गेले.

पुढचे दिग्दर्शन विरळ आणि कमी-जास्त वकुबाचे. ‘आम्ही सातपुते’ (२००८) हा ‘सत्ते पे सत्ता’चा मराठी अवतार, मूळ हिंदी चित्रपटात सचिन सात भावांतले एक होते. तो जुन्या चित्रपटांच्या तोडीचा झाला नाही. ‘एकुलती एक’मधून (२०१३) त्यांनी कन्या श्रिया हिला पडद्यावर आणले. आत्मचरित्र ‘हाच माझा मार्ग’ याच काळातले.

या टप्प्यावर त्यांच्यातला नट पुन्हा वर आला, तो दुसऱ्याच्या दिग्दर्शनाखाली. सुबोध भावे यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये (२०१५) त्यांनी खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले रंगवले. पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या १९६७च्या नाटकात वसंतराव देशपांडे यांनी अजरामर केलेली ही भूमिका. चित्रपटात गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. दुसऱ्याच्या तानेवर ओठ, मान आणि डोळे नेमके जुळवायचे, वर मत्सराने आतून पोखरलेला माणूस दाखवायचा, हे काम सोपे नव्हते. उर्दूवरचा जुना रियाज इथे उपयोगी पडला. लाजऱ्या नायकाची चार दशकांची प्रतिमा या एका भूमिकेने मोडली. त्यानंतर नागेश कुकुनूर यांच्या ‘सिटी ऑफ ड्रीम्स’ (२०१९) या मालिकेत त्यांनी मुरब्बी, कपटी राजकारणी केला.

‘नवरा माझा नवसाचा २’ सप्टेंबर २०२४मध्ये आला. एसटीच्या जागी कोकण रेल्वे आली, कंडक्टरचे अशोक सराफ तिकीट तपासनीस झाले आणि तरुण जोडी म्हणून स्वप्नील जोशी आणि हेमल इंगळे यांची निवड झाली. त्यांतले स्वप्नील जोशीही ‘उत्तर रामायण’मधल्या कुशाच्या भूमिकेने लहानपणीच घराघरांत पोहोचलेले.